भोयरांच्या गाडीची मिसिंग

रोशन खोब्रागडे गाडीशी जेवढं बोलतो तेवढं माझ्याशी बोलत नाही, असं त्याची बायको प्रीती म्हणते, आणि प्रीतीला उगाच काही म्हणायची सवय नाही. कामठी रोडवर इंदोऱ्याच्या पुढे त्याचं गॅरेज आहे. टिनाचं छप्पर, गाडीखाली उतरायचा एक खड्डा, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, बाजूला एक कडुनिंब. पोस्टातून रिटायर झाल्यापासून माझ्या सकाळी तिथेच जातात. माझी मोपेड हे निमित्त. ती बिघडलेली नसते, पण रिकाम्या हाताने रोज जाऊन बसलो तर लोक म्हणतील, म्हातारा टाइमपास करतो. करतोच, पण ते लोकांनी कशाला म्हणावं?

रोशन पन्नाशीला आलेला, अंगाने बारीक, रागाने जाड. गिऱ्हाइकाने "जरा लवकर कर" म्हटलं की तो हातातला पाना खाली ठेवतो आणि चहा मागवतो. तरी गिऱ्हाइकं टिकून आहेत, कारण जुन्या गाड्या दुसरं कोणी हातात घेत नाही. नव्या गाडीला मशीन जोडलं की मशीनच सांगतं कुठे दुखतंय. जुन्या गाडीला विचारत बसावं लागतं, आणि विचारत बसण्याचा धीर नागपुरात आता फार कोणाकडे उरलेला नाही.

गोपाळराव भोयरांची गाडी त्याच्याकडे वीसेक वर्षांपासून येते. गोपाळरावांची कळमन्याच्या फळबाजारात संत्र्याची अडत आहे. वय पंचाहत्तरच्या पुढे, गुडघे गेलेले, पण गाडी स्वतः चालवायची हा हट्ट गेलेला नाही. गाडी जर्मन, दुधी रंगाची. कन्हानकडच्या एका खाणीवर आलेला परदेशी इंजिनियर मायदेशी परतताना विकून गेला, ती गोपाळरावांनी घेतली. ज्या काळात आपल्याकडे झाडून सगळ्या गाड्यांना कार्बोरेटर होता, त्या काळात हिला इंजेक्शन. चार सिलिंडर, त्यांना पेट्रोलचा फवारा मारणारे चार इंजेक्टर, आणि कोणी कधी किती फवारा मारायचा हे ठरवणारा पत्र्याचा एक डबा सीटखाली. त्या डब्याला रोशन मुनीम म्हणतो.

मागच्या दिवाळीनंतर ही गाडी मिसिंग करू लागली. म्हणजे चालता चालता दोन सिलिंडर काम टाकून द्यायचे, गाडी दचके खात घसटत जायची, आणि फर्लांगभर गेल्यावर काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा पळायची. एकदा तर पारडीच्या चौकात मधोमध बंद पडली. मागे संत्र्याचे ट्रक, हॉर्नचा गोंगाट, आणि आत गोपाळराव सगळ्यांना शिव्या देत बसलेले. त्यांचा मुलगा अंकित म्हणाला, भंगारात काढा. गोपाळरावांनी त्यालाही त्याच शिव्या दिल्या आणि गाडी रोशनकडे पाठवली. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरावा, तशी गाडी गॅरेजात आल्याबरोबर साळसूद. तासभर चालू ठेवली तरी हूं की चूं नाही.

अशा दुखण्याला रोशनची एक पद्धत आहे. आधी अंदाज बांधायचा नाही, आधी पकडायचं. त्याने गाडी रस्त्यावर काढली आणि मिसिंग येईपर्यंत हिंडवली. ती येताच जागच्या जागी इंजिन बंद केलं, रस्त्याच्या कडेला चारही प्लग काढले आणि मला दाखवले. दोन ठीक, दोन कोरडे खडंग.

"पाहा काका," तो म्हणाला. "करंट चुकला असता तर हे दोघं पेट्रोलनं वले राहिले असते. हे कोरडे हायेत. म्हणजे पेट्रोलच पोचून नाही राहिलं."

मग पेट्रोलच्या मागे लागला. पंप ठीक, फिल्टर ठीक. तिथे खोट असती तर चौघंही उपाशी राहिले असते, दोघंच नाही. दोन इंजेक्टर काढून त्यांची जागा दुसऱ्या दोघांशी बदलली. दुखणं इंजेक्टरांबरोबर गेलं नाही, जागेलाच चिकटून राहिलं. म्हणजे इंजेक्टर निर्दोष. मुनीम उघडून आतले सांधे कथिलाचा डाक लावून पुन्हा पक्के केले. दोन दिवस गाडी नीट चालली, रोशनने प्रीतीसाठी कधी नव्हे ते समोसे नेले, आणि तिसऱ्या दिवशी मिसिंग परत आली. त्याच संध्याकाळी गोपाळरावांचा फोन आला.

"रोशन, दिवाळीपासून गाडी तुह्याकडंच हाय गा. तू दुरुस्त करून राहिला का तिच्याशी लगन करून राहिला?"

एरवी रोशनने फोन आपटला असता. त्या दिवशी तो नुसता "पाहतो काकाजी" म्हणाला. मला ते बरं वाटलं नाही. हा माणूस चिडत नाही म्हणजे आतून खचला.

गॅरेजच्या मागेच त्याचं घर. अंगणात खाटेवर त्याचा बाप, धोंडबा. वय ऐंशीच्या पुढे, कान जवळजवळ गेलेले, पण तोही जन्माचा फिटर. रोज दुपारी रोशन जेवायला गेला की म्हातारा विचारणार, "सापडली का मिसिंग?" नाही म्हटलं की, "कॉइल पाय, कॉइल." कॉइल केव्हाच पाहून झाली होती, पण रोशन रोज "पाहतो बाबा" म्हणायचा.

धोंडबाची गोष्ट इथे सांगून टाकतो, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. पन्नास वर्षांपूर्वी तो कन्हानकडे एका ठेकेदाराच्या वर्कशॉपमध्ये ट्रकच्या इंजिनांचं काम करायचा. चांगला पगार, हाताखाली दोन माणसं. एका दसऱ्यानंतर त्याने एका ट्रकच्या इंजिनावर लावलेलं हळदकुंकू रॉकेलच्या फडक्याने पुसलं. ड्रायव्हरने पाहिलं आणि बोंब ठोकली. यांनी आपले देव सोडले, आता आमचे पुसायला निघाले. दहा माणसं गोळा झाली, धोंडबाला मारलं, आणि संध्याकाळच्या आत त्याचं काम गेलं. पुढची सगळी वर्षं त्याने ह्याच रोडच्या कडेला सायकली आणि स्कूटर दुरुस्त करण्यात काढली. कुंकू का पुसलं हे त्याने कधी सांगितलं नाही. आम्ही वस्तीतल्यांनी आपापल्या मनाने ठरवलं होतं की नवा धर्म, तरणं रक्त, मुद्दामच पुसलं असणार. खरं सांगतो, मला त्याचा थोडा अभिमानही वाटायचा.

रोशन हाताशी आला तेव्हा बापाने त्याला आधी पाना धरायला नाही शिकवलं. आधी एक गोष्ट शिकवली. दुसऱ्याच्या देवाले हात लावायचा नाही. गाडीतली मूर्ती, आरशाचा दोरा, बंपरची लिंबूमिरची, बोनटखालचं कुंकू, जिथे जे असेल तिथे ते राहू द्यायचं, आपण बाजूने काम करायचं. रोशनने हा नियम इतका अंगवळणी पाडला की गाडी धुताना त्याचा फडका गणपतीपाशी आपोआप वळसा घेतो. गिऱ्हाइकांना हे ठाऊक आहे. कोणी कौतुकाने बोलतं, कोणाला त्यात विशेष वाटत नाही. रोशनला मात्र ती भीती आहे, आणि ती त्याने माझ्यापासून लपवलेली नाही. तो म्हणतो, माह्या बापानं एकदा पुसलं तर आमचं सगळं गेलं, मी एकदा पुसलं तर हे टिनाचं छप्परही जाईन.

जानेवारी सरत आला तेव्हा त्याने शेवटचा उपाय काढला. कोरड्या पडणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजेक्टरपासून दोन छोटे बल्ब लांब वायरींवर थेट गाडीच्या मागच्या सीटपर्यंत आणले. एक बल्ब मुनिमाकडून येणाऱ्या करंटवर, त्याची परतीची वायर सरळ बॅटरीला. दुसरा बल्ब इंजेक्टरच्या दोन्ही टोकांवर, म्हणजे इंजेक्टरची जी वाट तीच त्याची वाट. आणि मागच्या सीटवर बल्ब पाहायला मी. आयुष्यभर पोस्टात शिक्के मारले, म्हातारपणी हे.

कामठीच्या दिशेने निघालो. दोन्ही बल्ब सारखे लुकलुकत होते. खराब रस्ता लागला, गाडीने दचका खाल्ला आणि मी ओरडलो, "एक विझला!"

"कोणता?"

"दुसरा. पहिला चालू हाय."

रोशनने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला. "मुनीम करंट धाडून राहिला," तो म्हणाला. "जाऊन राहिला बरोबर. परत येऊन नाही राहिला. अर्थ गेला काका."

अर्थ म्हणजे परतीची वायर. करंट काम करून ज्या वाटेने इंजिनच्या अंगातून बॅटरीकडे परततो ती वाट. या गाडीत चार इंजेक्टरांच्या परतीच्या वायरी दोन-दोन करून दोन बोल्टांखाली आवळलेल्या आहेत.

"पण अर्थ तर तू पहिल्याच आठवड्यात साफ केले होते," मी म्हणालो. "सगळे."

"हो ना. सगळे," तो म्हणाला, आणि त्याने दार उघडलं.

उतरून त्याने बोनट उघडलं. मागचा बोल्ट चांदीसारखा घासलेला. पुढचा बोल्ट दिसतच नव्हता. इंजिनच्या पुढच्या सपाट भागावर, बरोबर कपाळाच्या जागी, हळदकुंकवाचा बोटभर जाड थर होता. कितीतरी दसऱ्यांचा, एकावर एक. त्यात अक्षता, त्यावर दरवर्षी शिंपडलेलं नारळाचं पाणी. दोन वायरी त्या थराखाली शिरत होत्या. मी वाकून पाहिलं तर कडेने गंज आला होता, पण कुंकवात गंज कोणाला ओळखू येणार, दोघांचा रंग एकच. रोशनने इतक्या महिन्यांत त्या इंजिनचा कोपरा न कोपरा चाचपला होता. फक्त तिथे पाहिलं नव्हतं. हात लावायचा नाही असं एकदा ठरलं की डोळाही तिकडे जात नाही.

आणि ते कुंकू लागताना त्याने कधी पाहिलेलंही नव्हतं. दसऱ्याला त्याचं गॅरेज बंद असतं. त्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालून, बायकापोरं घेऊन दीक्षाभूमीवर असतो. उरलेलं अर्धं नागपूर त्याच दिवशी आपल्या गाड्यांना हार घालतं.

"पुसून टाक," मी म्हणालो. "इथं कोण पाहून राहिलं?"

"मी तर पाहून राहिलो ना."

"मग दुसरीकडून वायर दे."

"वायरी वाळून पापड झाल्या. हलवल्या तर मुळातून तुटतीन. आन बोल्ट तर खोलाच लागन." त्याने बोनट हळूच लावलं. "आन विचारू कसं? काकाजी, तुमच्या देवामुळं गाडी बंद पडून राहिली, असं म्हणू? त्या घरात जाऊन? मी?"

दोन दिवस गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली. रोशन दुसऱ्या गाड्यांचं काम करत होता आणि तिच्याकडे पाहत नव्हता. त्याच्यापुढे तिढा सरळ होता. पुसलं तर बापाचा शब्द मोडतो, आणि उद्या कोणी बोंब मारली तर गॅरेज जातं. नाही पुसलं तर गोपाळराव पुन्हा कुठल्या तरी चौकात ट्रकसमोर बंद पडतात, आणि त्या वेळी ट्रकवाल्याचा ब्रेक लागेलच असं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि म्हणाला, "चला काका." मी मोपेड तिथेच सोडली.

भोयरांचं घर वर्धमाननगरात. गोपाळराव बाहेरच खुर्ची टाकून पेपर वाचत होते. शेजारी त्यांच्या बायको देवकीबाई हरभऱ्याची भाजी खुडत बसलेल्या. रोशनने गाडी लावली, बोनट उघडलं आणि तसाच उभा राहिला. गाडीत बसून त्याने वाक्य जुळवलं होतं, मला दोनदा म्हणूनही दाखवलं होतं. ते कुठे गेलं कोणास ठाऊक.

"काय झालं गा?" गोपाळराव म्हणाले. "सापडली का नाही?"

"सापडली काकाजी. पण..." तो देवकीबाईंकडे वळला. "काकू, रागावू नका. हे तुमचं कुंकू हाय ना, याच्याखाली एक बोल्ट हाय. त्याले गंज लागला. मले ते... मले ते काढा लागन. तुम्ही हो म्हटलं तरच. नाही तर नाही."

देवकीबाई उठल्या, चष्मा सावरत गाडीपाशी आल्या, आत वाकून पाहिलं.

"बापा!" त्या म्हणाल्या. "हे सगळं हाये तसंच हाय? सर्व्हिसिंगले जाते तवा साफ नाही करत का रे तुम्ही?"

"नाही काकू. आम्ही हात नाही लावत."

"तेच तर. मी दर दसऱ्याले पाह्यते, मागच्या वर्षीचं तसंच. अंकित बोनट उघडून देते, मी त्याच्यावरच लावते. निर्माल्य कोणी वर्षभर ठेवते का? पण मी म्हटलं, रोशनच्या धर्मात बसत नसन. त्याइनं प्रतिज्ञा घेतल्या हायेत, देवाचं कुंकू त्याच्या हातानं पुसा म्हणनं बरं नाही. त्याले वाईट वाटन. म्हून मी काही बोलली नाही."

रोशन त्यांच्याकडे पाहतच राहिला. गोपाळरावांनी पेपर खाली ठेवला. वीस वर्षं ही बाई ह्याच्या मनाला जपत होती, आणि हा तिच्या देवाला जपत होता. दोघांच्या सभ्यपणात बोल्ट मात्र कुजला. मला हसू आलं आणि त्याच वेळी कोणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटली. कोणाच्या, ते अजून ठरलेलं नाही.

देवकीबाई आत गेल्या. वाटीत कोमट पाणी आणि जुन्या लुगड्याचा फडका घेऊन आल्या, आणि वाटी-फडका दोन्ही रोशनच्या हातात दिलं. त्याने थर भिजवला, थोडा थोडा करून काढला. बाईंनी एका पानावर तो गोळा करून तुळशीच्या कुंडीत टाकला. खालचा बोल्ट निघताना अर्धा पान्याच्या तोंडातच आला, वॉशर तर नावालाही उरला नव्हता. रोशनने जागा पॉलिश पेपरने घासून नवा बोल्ट आवळला, वर व्हॅसलीन लावलं आणि गोपाळरावांना शेजारी बसवून रामटेकच्या रस्त्याने गाडी पिटाळून आणली. आठवडाभर रोज तेच केलं. मिसिंग गेली ती गेलीच.

गाडी कायमची परत पाठवली त्या सकाळी धोंडबा अंगणात ऊन खात बसला होता. मी बाजेच्या टोकाला बसलो. रोशनने आतापर्यंत बापाला खरं सांगितलं नव्हतं, "चालू हाय काम" एवढंच म्हणत आला होता. आता त्याने स्टूल ओढलं आणि म्हाताऱ्याच्या कानाशी तोंड नेलं.

"बाबा, भोयराच्या गाडीची मिसिंग सापडली."

"कॉइल?"

"नाही. अर्थ होता. पुढचा. कुंकवाखालचा."

धोंडबाने मान वर केली. "मंग?"

"पुसलं."

"कोणी?"

"मी."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. त्याने आधी रस्त्याकडे पाहिलं, कोणी येतंय का म्हणून. नंतर गॅरेजच्या टिनाकडे. ऐंशी वर्षांचा माणूस एवढा घाबरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

"काय म्हणे ते?"

"काही नाही म्हणे. बाईनंच पाणी देल्लं."

"वरून वतलं?"

"नाही बाबा. वाटी माह्या हातात देल्ली."

"हातात?"

"हातात. काम झाल्यावर मी परत देल्ली तर तिनं हातातूनच घेतली. मले आधी विचारलं पण, का काहून नाही पुसत होता म्हून."

प्रीती चहा घेऊन आली, तिने कप धोंडबापुढे धरला, त्याचं लक्ष नव्हतं. मग तो बोलला, कोणाकडेही न पाहता, अगदी साध्या आवाजात, रोजच्यासारखा.

"मले कोणी इचारलंच नाही गा. त्या ट्रकच्या बोल्टावर कुंकू वाळून बसलं होतं. पाना लागत नव्हता. म्हून पुसलं होतं."